करवंटीतले चिंचोके

मी दोन यत्ता शिकलेला. आलेख हा शब्द म्हातारपणी पहिल्यांदा ऐकला, तोही आमच्या अंगणवाडीच्या बाईंकडून.

त्या म्हणाल्या, "बाबा, पोरांना तुमची जनावरं मोजायला आणते. त्याचा आलेख करू."

"आणू नका," मी सरळ सांगितलं. "आमच्यात कोंबड्या मोजत नाय. नजर लागते."

हा नियम बायकोचा. तिला जाऊन दोन पावसाळे झाले, पण तो मी मोडला नव्हता. मात्र नात त्याच अंगणवाडीत. जूनला पहिलीत जायची होती आणि मोजताना चारच्या पुढे तिचं तोंड मिटायचं. सून म्हणाली, "शाळेत सगळी हसतील हिला." मग मी हो म्हटलं. अट एकच, कोंबडीकडे बोट करून आकडा म्हणायचा नाय.

"मग मोजायचं कसं?" बाई हसल्या.

मी फळीवरची करवंटी काढली. कोंबडी खुराड्यात शिरली की बायको या करवंटीत एक चिंचोका टाकायची. ती गेल्यापासून मला त्या करवंटीला हात लावायला धीर झाला नव्हता.

बाईंनी अंगणात खडूने कोंबडी, शेळी, म्हैस काढली. प्रत्येकीच्या डोक्यावर चिंचोक्यांची ओळ लावायची. मी कणी टाकली. "ही काळी. ही बोडकी." पोरं एकेक चिंचोका ठेवत गेली. शेळ्यांचंही तसंच. म्हशींपाशी एकाने मात्र फणसाच्या दोन आठळ्या ठेवल्या.

"एवढी मोठी म्हैस, तिला चिंचोका?"

झालं! दोन म्हशींची ओळ पाच शेळ्यांएवढी उंच. पोरं ओरडली, "म्हशी नि शेळ्या सारख्याच!"

"अरे गाढवा, मग वरच्या तीन म्हशींचं दूध कोण पितो रे?" मी म्हणालो. पण चुकलं काय ते मला सांगता येईना.

नात पुढे आली. आठळ्या उचलून बाजूला टाकल्या. "आजी कोंबड्याला एक टाकायची न् पिल्लालापण एकच," म्हणाली, आणि दोन चिंचोके ठेवले.

आता ओळी खऱ्या दिसल्या. कोण जास्त ते ओट्यावरून कळत होतं.

ती कोंबड्यांच्या ओळीपाशी उकिडवी बसली. एक, दोन, तीन, चार. थांबली. मग पाच म्हणाली. सहा. थेट नऊपर्यंत गेली.

"शेळ्यांपेक्षा चार जास्त! आबा, मी कोंबड्या नाय मोजल्या हां. चिंचोके मोजले."

"तुझी आजीपण तेच करायची गो."

बाईंनी विचारलं, "आजी किती शिकल्या होत्या?"

"अंगठा!" मी म्हणालो. रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

संध्याकाळी कोंबड्या आत शिरल्या तेव्हा करवंटी नातीच्या हातात होती. नऊदा वाजली. मग मी खुराड्याची फळी लावली.