वाकून पाहिलेला डोंगर

वानखडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ओणवं. मंगरूळपीरच्या बाहेर रस्त्याकडेला पन्नाशीचा एक गृहस्थ डोंगराकडे पाठ करून कमरेत वाकला होता आणि स्वतःच्याच दोन पायांमधून डोंगर बघत होता. बसमधली माणसं खिडक्यांना लोंबकळली. मी नुकताच तिथल्या शाळेत गणित शिकवायला लागलो होतो. हेच आमचे चित्रकलेचे सर, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

"उलटं पाह्यलं का डोंगराचा डोंगरपणा जाते," ते म्हणाले. "निस्ता रंग उरते. तुमी गणितवाले, तुमाले सरळच दिसन."

सरांचा उन्हाळा लोकांच्या भिंती रंगवण्यात जाई. बाहेर अंगाची लाही होत असताना प्रत्येकाला बैठकीत हिमालय हवा. "बरफ काढला का कूलरचं बिल कमी येते, असं वाटते लोकायले," असं करवादत सर बर्फ काढत. त्यांना एकदा तरी समोरचा डोंगर काढायचा होता. वैशाखातला, बोडका, संध्याकाळी जांभळा होणारा. पण त्याला कोणी भिंत देईना.

शेवटी कापडवाले पारसशेठ यात्रेला गेले आणि सरांनी त्यांच्या नव्या घरात डाव साधला. शेठ परतले, तर हिमालयाच्या जागी गावचाच डोंगर, वाळक्या गवतावर जांभळ्या सावल्या.

"डोंगर कधी जांभळा रायते का? पाहून उदास वाटते. उद्याच पांढरा मारतो!"

"रायते. चला, दाखवतो."

मीही सोबत गेलो. शेठ वाकले, मध्ये पोट आलं. सर पाठीवर हात ठेवून "अजून थोडं, शेठ" करत होते. तेवढ्यात कट्कन आवाज झाला. डोंगर राहिला बाजूला, शेठना आम्ही ऑटोत आडवं घालून आणलं.

जिना चढता येईना, म्हणून शेठची खाट बैठकीतच, त्या भिंतीसमोर पडली. पांढऱ्या रंगाचे डबे दारात येऊन बसले होते. सर तब्येत विचारायच्या निमित्ताने रोज जात आणि डबे उघडले नाहीत ना, ते बघून येत. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. मग एक दिवस शेठ उठून बसले.

"डबे वापस पाठवा."

"काहून? उदास वाटते ना?"

"वाटते. पण दुकानातून येऊन घडीभर उदास बसाले बरं असते."

सर तिथून माझ्या घरी येऊन दोनदा चहा प्यायले, आणि दोन्ही वेळा साखर विसरले.

यंदा सर गेले. मला फार पोरकं वाटलं. स्मशानातून परतताना शेठनी संध्याकाळच्या उन्हात गाडी थांबवली. कमरेचा पट्टा सावरत उतरले, डोंगराकडे पाठ केली आणि हळूच वाकले. शेजारी मीही वाकलो. बसमधली माणसं बघत गेली.

"दिसला का जांभळा?" मी विचारलं.

"कायचा दिसते," शेठ म्हणाले. "डोयातलं सारं पाणी कपाळावर येऊन राह्यलं."