दुबार नोंद

पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक आल्या आणि दोनदा नोंदलेली एक मुलगी सापडली. जन्मतारीख तीच, आईवडिलांची आद्याक्षरं तीच. स्वमग्न मुलांच्या आमच्या अभ्यासासाठी पाच शहरांतली केंद्रं माहिती पाठवतात, आणि एकच मूल दोनदा आलं की त्यातली एक ओळ मी पुसते.

सांगलीच्या ओळीत लिहिलं होतं, नावाने तीनदा हाक मारली, पाहिलं नाही. महिन्याभराने कोल्हापूरच्या ओळीत, तिसऱ्या हाकेला पाहिलं.

मी कोल्हापूरला फोन लावला. तिथल्या तपासणी करणाऱ्या ताई म्हणाल्या, "मॅडम, आईनं आधीची तपासणी लपवली बघा. इथं काहीतरी वेगळं निघंल म्हणून एसटीनं आली. पोरीनं मान वर केली तशी रडायलाच लागली."

वेगळं निघालंही होतं. पण पहिली नोंद ठेवायची आणि दुसरी काढायची, हा नियम मीच लिहिलाय. आशेपायी केंद्रं हिंडणाऱ्या आया माझे आकडे नासवतात, आणि मला त्यांचा खरोखर राग येतो. मधल्या महिन्यात या आईने घरी किती हाका मारल्या असतील, त्याला आमच्याकडे रकाना नाही.

"आई उद्या विचारायला येणार आहे. काय सांगू?" ताईंनी विचारलं.

"नोंद सांगलीलाच आहे म्हणून सांगा," मी म्हटलं आणि खालची, कोल्हापूरची ओळ पुसली.

यादी स्वच्छ झाली. आता तिच्यात ती मुलगी कुणाच्याच हाकेला वर बघत नाही.