मावससासूबाईंचा हौद

पाण्याला न घाबरणारा माणूस मोताळा तालुक्यात कुठेही भेटला, तरी तो लहानपणी माझ्या मावससासूबाईंच्या हौदात पाय झाडून गेलेला असणार, हे मी शपथेवर सांगतो. मोटेचं पाणी वांग्यांकडे जाण्याआधी त्यांच्या मळ्यातल्या दगडी हौदात थांबायचं. ऊन चढलं की मावशी काष्टा मारून त्यात कमरेइतक्या पाण्यात उभ्या. सहा महिन्यांचं लेकरू तळहातावर असं तोलत की ते आपोआप पाय मारू लागे. जरा मोठ्यांच्या पाठीला वाळका भोपळा बांधत. रडक्यांसाठी राखलेल्या भोपळ्याचं नाव ‘मामलेदार’. एकदा एक तान्हं त्यांच्या हातावर, पाण्यातच, गाढ झोपलेलं मी पाहिलं आणि नकळत पायातल्या वहाणा काढल्या.

त्यांचा नियम एकच. लेकरू ज्याच्या कडेवर राहतं, त्याने आधी हौदात उतरायचं. एक पाटील नातवासाठी फेट्यासकट उतरले होते. मावशी म्हणत, “लेकरू पान्याले नाही भेत, जावईबापू. उचलनाऱ्याची छाती धडधडते, त्याले भेते.”

आमची मुलगी दीड वर्षाची झाली तरी पाय टेकत नव्हती, आणि राहायची फक्त माझ्या कडेवर. तिला मावशींकडे नेलं, तर नियमाप्रमाणे आधी मलाच उतरायचं होतं. मी पाण्याला भितो, हे मास्तर असून सांगायची लाज वाटली. म्हणालो, “सर्दी झाली आहे.” पुढे तीन महिने दर रविवारी मला सर्दी होती.

“काऊन हो, तुमची सर्दी शाळेच्या दिवशी कुठं जाते?” असं म्हणून शेवटी बायकोच मुलीला ओढून घेऊन पाण्यात शिरली. मुलीने टाहो फोडला. मावशींनी नियम मोडला, तिला हौदातल्या रुंद पायरीवर, गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि हात सोडले. काठावरच्या माझ्याकडे हात पसरून ती पाण्यातून तीन पावलं चालली. मावशी ओरडल्या, “पाहा, बापाले पान्यात न्याले निघाली पोरगी!”

तरीही मी उतरलो नाही.

त्यानंतर वीस वर्षं भेटेल तिथे मावशी विचारत, “सर्दी गेली का, बापू?” त्या अंथरुणाला खिळल्यावर मी कबूल केलं, “मावशी, सर्दी नव्हतीच.”

“मले ठाऊक होतं. म्हनून तं इचारत होती.”

त्या गेल्यावर मळ्यात गेलो. आता इंजिनाचं पाणी नळाने थेट वाफ्यांत जातं. मी वहाणा काढून कोरड्या हौदात उतरलो, त्या पायरीवर उभा राहिलो. छाती धडधडतच होती.