न सारवलेली भिंत

माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंतचं. मी शास्त्राविषयी लिहायला बसलो म्हटल्यावर नातू हसला. हसू दे. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर माझ्या घराची भिंत चढली होती, त्याच्या घराची नाही.

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपून घ्यायच्या, झाली भिंत. माती तिथलीच, तांबडीभडक. दसरा-दिवाळीला बायका त्याच मातीनं भिंती सारवायच्या. दिवाळीत ज्या घराची भिंत सारवलेली नाही, त्या घरात सुतक आहे हे न विचारता समजायचं.

त्या काळात आमच्याकडे हिवताप फार. आमचा थोरला मुलगा हिवतापानंच गेला. त्याबद्दल मी इथे एवढंच लिहितो.

पुढे देशभर हिवताप घालवायची मोहीम निघाली आणि एका श्रावणात पंपवाले आमच्या वस्तीवर आले. घराघरांत शिरून त्यांनी भिंतींवर डीडीटीचं पांढरं पाणी मारलं. त्यांचा इन्स्पेक्टर आम्हा सगळ्यांना देवळापुढे बसवून म्हणाला, "डास माणसाला चावला की जड होतो आणि भिंतीवर टेकतो. तिथे औषध असलं की मरतो. म्हणून पुढचा फवारा येईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. सारवण बंद."

पुरुषांनी माना हलवल्या. सारवणार बायका, माना हलवायला यांचं काय जातं? तेवढ्यात माझी बायको उठून उभी राहिली. "माझ्या घराची भिंत सारवनार न्हाई. सगळ्यांच्या देखत सांगते."

आणि तिनं तो शब्द पाळला. दसरा गेला, दिवाळी आली. सगळी वस्ती तांबडी, चकचकीत. आमचं घर तेवढं पांढऱ्या डागांचं, धुरकटलेलं. पाणवठ्यावर बायका तिला विचारायच्या, "काय गं, कोन गेलं तुझ्या घरात?"

"हिवताप गेला," ती म्हणायची. "त्याचं सुतक पाळतीया."

पण हिवताप गेलेला नव्हता. दिवाळी होते न होते तोच आमची धाकटी लेक थंडीनं कुडकुडायला लागली. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात.

इन्स्पेक्टर आला. पोरीच्या बोटाचं रक्त काचेवर घेतलं, कडू गोळ्या दिल्या. मग पेटीतून जिवंत डास काढले, काचेच्या नरसाळ्यात कोंडले आणि नरसाळं आमच्या भिंतीला पालथं लावलं. थोड्या वेळानं ते डास बरणीत ठेवून तो देवळात मुक्कामाला राहिला. सकाळी बरणीतले डास खुशाल उडत होते.

पुन्हा देवळापुढे माणसं जमली. इन्स्पेक्टर म्हणाला, "उरवड्यात याच पंपवाल्यांनी, याच आठवड्यात, हेच औषध मारलं. तिथे डास मरतात. इथे मरत नाहीत. म्हणजे यांच्या घरातल्या बाईनं गुपचूप भिंत सारवली आहे."

उरवडे हे खालचं गाव माझ्या बायकोचं माहेर. तिच्या भावाच्याच घरात त्यानं डास तपासले होते.

"साहेब," मी म्हणालो, "भिंतीवरची काजळी दिसत न्हाई का?"

"चुलीच्या घरात काजळी धरायला किती वेळ लागतो?"

"मग तुमच्या पंपवाल्यांनीच पाणी वाढवलं असंल. उरवड्याला दाट आन् आमा डोंगरच्यांना पातळ."

तो तापला. "पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत भिंतीचा तुकडा गेला ना, तर खोटं कोण बोलतंय ते लगेच कळेल."

"कुटं हाय ती?"

त्यानं पत्ता सांगितला, हा कसला जातोय अशा आवाजात. मी तो मनात घोकत घरी आलो. ही उंबऱ्यावर बसली होती. पोर तापात, आणि वर सगळ्या गावादेखत खोटारडी ठरलेली. रडत मात्र नव्हती.

"कोयता आना," ती म्हणाली.

खिडकीएवढा कुड मी काठ्यांसकट कापून काढला. भोकाला गोणपाट लावलं. पोरीचा ताप उतरल्यावर तिला शेजारी ठेवलं आणि गोधडीत गुंडाळलेली भिंत डोक्यावर घेऊन निघालो. हिला म्हणालो, तू घरी थांब, तर ही म्हणाली, "भिंत माझ्या हातची हाय. मी येनार."

पौडला एसटीचा कंडक्टर गोधडीकडे बघून म्हणाला, "काय आहे हे?"

"भिंत."

"आणि घर?"

"घर जागेवर हाय. एवढीच भिंत आजारी हाय."

"टपावर टाका."

"आजारी मानसाला टपावर टाकतात का?" असं म्हणून ही गोधडी मांडीवर घेऊन बसली. पुण्यापर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही.

प्रयोगशाळेच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. चिठ्ठी आहे का, कोणी बोलावलं आहे का? दोन्ही नव्हतं. मी म्हणालो, "साहेबानंच सांगितलंय भिंत तपासतात म्हनून. तपासल्याबिगर हलनार न्हाई." आणि आम्ही कडुनिंबाखाली बसलो. पहारेकरी वैतागला, पण मला माणसं वैतागलेली चालतात. शेवटी पांढरा कोट घातलेली एक तरुण बाई बाहेर आली. ती रसायनवाली होती. तिनं गोधडी उलगडली, भिंतीवरून बोट फिरवलं आणि आम्हाला आत नेलं.

आत जाळीच्या पेट्यांत डासच डास. "अवं," ही माझ्या कानात म्हणाली, "आपन मारायला बघतोय आन् ही मानसं डास पाळत्यात."

बाईनं ऐकलं. "पाळल्याशिवाय कळत नाही कसे मरतात ते," ती म्हणाली.

तिनं पात्यानं भिंतीची कड उभी कापली आणि भिंगाखाली धरली. आधी हिला बघायला बोलावलं. "सगळ्यात वर काय दिसतंय?"

"काजळी."

"तिच्या खाली?"

"पांढरे कन. तांबड्या मातीत शिरलेले."

"काजळी आणि कण यांच्यामध्ये नव्या मातीचा थर आहे का?"

ही बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती. "न्हाई."

"नाहीच. फवाऱ्यानंतर तुम्ही भिंतीला हात लावलेला नाही."

ही मागे सरली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. मी लगेच म्हणालो, "म्हंजी औषधात पानी होतं."

"ते मी म्हटलेलं नाही," बाई म्हणाली. "मला उरवड्याची भिंत पण पाहिजे."

पुढे उरवड्याचा तुकडा नेऊन, तपासून ती जीपनं स्वतःच वस्तीवर आली. उरवड्याच्या भिंतीतलं आणि आमच्या भिंतीतलं औषध तिनं मोजलं होतं. मोडलेल्या औषधाचे अंश धरले तर जेवढं तिथे मुरलं तेवढंच इथे मुरलं होतं, म्हणजे पंपवाले चोर नव्हते. दोष आमच्या मातीचा निघाला. बाई म्हणाली, या तांबड्या मातीत लोखंड आहे, म्हणून तिला हा रंग. ही माती औषध आत ओढून घेते आणि मोडून टाकते. डास वर बसतो तेव्हा त्याच्या पायाला काही लागतच नाही.

मला हे पटलं नाही. "लोखंड असतं तर आमी विळे केले असते की."

ती हसली नाही, रागावलीही नाही. आमच्या मातीच्या पाट्या थापून वाळवल्या, उरवड्याच्या काळपट मातीच्याही थापल्या. मग बादलीत औषध कालवून पंप माझ्याच हातात दिला. "तुम्हीच मारा. आणि पाट्या तुमच्याच माळ्यावर ठेवा, म्हणजे कोणावर संशय नको."

मी मारलं. पाट्या माळ्यावर ठेवल्या आणि शिडी काढून घेतली. काही आठवड्यांनी बाई डास घेऊन आली. तिनं शिडी मागितली, ती मी स्वतः लावली. तांबड्या पाटीवरचे डास दुसऱ्या दिवशी बरणीत उडत होते. काळ्या पाटीवरचे उताणे पडले होते. औषध एका बादलीतलं, हात माझा. मी बरणी उलटीसुलटी करून बघितली. पटवून घ्यायला मला वेळ लागतो, पण पटलं की पटलं.

"म्हंजी माझ्या माहेरची माती चांगली," ही म्हणाली.

"प्रत्येक मातीचा स्वभाव वेगळा," बाई म्हणाली.

"मी तेच म्हनते. मानसांचं पन तसंच," असं म्हणून हिनं माझ्याकडे बघितलं.

बाईच्या सांगण्यावरून ठरलं की पुढच्या फवाऱ्याआधी सगळ्या वस्तीनं भिंती उरवड्याच्या मातीनं सारवायच्या. हिच्या भावानं गाडीतून माती आणली. जिला सारवू नको म्हणून बजावलं होतं, तीच आता प्रत्येक घरात जाऊन थर किती जाड द्यायचा ते दाखवत होती.

फवाऱ्याला इन्स्पेक्टर आला. देवळापुढे माणसं जमली होती. तो हिच्यापुढे येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही सारवलं नव्हतं."

"मला म्हाईत हाय," ही म्हणाली. "माझ्याकडं बघून काय सांगताय? त्यांच्याकडं त्वांड करून सांगा. बोलला होता तवा असं बारीक बोलला न्हवता."

तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागच्या वेळी मी चुकीचं बोललो. या बाईंनी भिंत सारवली नव्हती. दोष मातीचा होता." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. पंपवाल्यांना मी पाणी घालणारे म्हटलं होतं, त्याच्या माफीची वाट बघत असावा. मी त्याला आणि पंपवाल्यांना घरी नेऊन चहा पाजला. माझ्याकडून तेवढंच निघतं.

भोकाचं गोणपाट मी त्याच दिवशी काढलं आणि नवा कुड बसवला. पोरीला पुन्हा थंडी वाजून आली नाही. त्या दिवाळीत आमच्या वस्तीतली सगळी घरं काळपट दिसत होती. परगावची पाहुणी आली, भिंतींकडे बघून दबकत विचारायला लागली, अख्ख्या वस्तीत कोण गेलं म्हणून. हिनं तिला बसवलं, करंजी दिली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.