देवळ्याच्या ढाब्यावर अडकलेलं बारसं

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. देवळ्याजवळच्या ढाब्यावर चार्जिंगच्या यंत्राने मला वीज नाकारली.

सटाण्याला भाच्याच्या लेकीचं बारसं होतं. भाच्याला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्याच्या आत्याला, म्हणजे मला. नाशिकहून निघताना आमची इलेक्ट्रिक गाडी अर्धीच चार्ज होती. ॲपवर देवळ्याचं चार्जिंगचं ठिकाण हिरवंगार, म्हणजे चालू, दिसलं आणि मी शहाणी त्यावर विसंबले. ओझर, पिंपळगाव मागे पडलं. रस्ता सुरेख, दोन्हीकडे कांदा. अवश्य जा, पण घरूनच पूर्ण चार्ज करून.

ढाब्याच्या पत्र्यावर सोलर पॅनेल चकाकत होते. यंत्राचा दिवाही लागलेला. ॲपने ओटीपी घेतला आणि सांगितलं, सर्व्हर उपलब्ध नाही.

ढाब्याच्या मालकीण सलमाभाभी हसल्या. "ताई, वीज आमच्याच पत्र्यावरची हाय. पन यंत्र आमचं ऐकत नाय, कंपनीला इचारतं."

"इंग्रजीत झापून बघ," आमचे हे म्हणाले. "कॉन्व्हेंटात नन्सनी शिकवलेलं कधी वापरणार?"

हेल्पलाइनवर वापरलं. उत्तर आलं, "मॅडम, तक्रार ॲपमध्ये नोंदवा."

"ॲप चालत नाही, हीच तक्रार आहे," मी म्हणाले. फोन कट.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "आत्या, व्हिडिओ कॉलवर नाव सांग ना. फोन बाळाच्या कानाला लावतो."

"मग पाळण्यातही फोनच निजव."

शेवटी सलमाभाभींनी मिक्सरची वायर काढली आणि गाडीची केबल त्या सॉकेटला लावली. "आता वाटण कोन करनार?" म्हणत त्यांनी पाटा माझ्यापुढे सरकवला. मी वाटलं. त्याच वाटणाची शेवभाजी आम्ही खाल्ली. माझ्या प्रवासातली सर्वोत्तम. आणि भाकरीसुद्धा मोजून वाढत नाहीत.

सटाण्यापुरती वीज भरायला तीन तास गेले, पोचलो तेव्हा पंगत उठली होती. "आल्या एकदाच्या आत्याबाई," वहिनींनी टोला हाणला. बाळ मात्र टक्क जागं. मी वाकून कानात सांगितलं, "सई."

घरी आल्यावर ठरवलं, गाडी विकायची नाही. धूर नाही, खडखड नाही. मोबाइलवर मी वीजबिलापासून भाजीपर्यंत सगळ्याचे पैसे भरते, तेव्हा ज्येष्ठांना जमत नाही हे मला ऐकवू नये. पण ऊन भाभींचं, पत्रा भाभींचा आणि किल्ली कुठल्याशा सर्व्हरकडे असेल, तर हा देश डिझेल सोडणार कसा?

कंपनीने प्रत्येक यंत्रावर ॲपशिवाय चालणारं एक बटण कधी बसवणार ते २८ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत लेखी कळवावं. कागदावर, सहीनिशी. ओटीपी मी देणार नाही.