तारेखालचा पाम

ज्ञानोबाभाऊंच्या घरी पाहुणे म्हणून गेलात, तर फ्रिजवरच्या पिशव्यांना हात लावू नका. त्यांच्या चैतालीला बघायला मंडळी आली होती, तेव्हा एका मामांनी सुपारी समजून त्यातलं एक बी दाढेखाली धरलं. भाऊ केवढ्यानं ओरडले, "थुंका! थुंका! मोड आलाय त्याला!" मामा घाबरून थुंकले. भाऊंनी आधी बी धुतलं, उजेडात धरून चारी बाजूंनी बघितलं, आणि मग मामांना दाढेचं विचारलं. सोयरीक तरीही जमली, ती पोरीच्या नशिबानं.

हे मला कसं माहीत? आमच्या आणि त्यांच्या अंगणामधी छातीएवढी भिंत आहे. त्या भिंतीपाशी मला दिवसातून दहा कामं निघतात.

भाऊ वीज कंपनीत वायरमन होते. भूकंपानंतर आमचं सास्तूर नव्यानं बसलं, सरळ रस्ते, एका मापाची घरं, तेव्हा आमच्या गल्लीतले विजेचे डांब यांच्याच टोळीनं उभे केले आणि तारा यांनीच ओढल्या. पुढं सगळी नोकरी तारेला लागणाऱ्या फांद्या छाटण्यात गेली. माझा शेवगा त्यांनी सहा वेळा बोडका केला. दर वेळी शिडीवरून वर उपदेश, "वैनी, तारेखाली झाड लावणारा माणूस अडाणी समजावा." मी ते वाक्य जपून ठेवलं होतं. कधी ना कधी कामाला येतंच.

रिटायर व्हायच्या वर्षी ते उमरग्याहून एक पामाचं रोप घेऊन आले. झाडं कापणारा माणूस झाड आणतोय म्हणून गल्ली बघायला जमली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, हा बाटली पाम, बुंधा बाटलीसारखा फुगतो, उंची माणसाच्या वर फार जात नाही. भाऊंनी तो दाराच्या डाव्या हाताला लावला. पहिलं पान उलगडलं त्या दिवशी ते दोन तास खुर्ची टाकून समोर बसले होते. पानाला पंख्यासारखं एकदम न उघडता एकेक पातं सुटं करत उघडताना मी पण बघितलं, खोटं कशाला बोलू. पण मी घरात परत आले. भाऊ आले नाहीत, ते आजतागायत.

त्यानंतर अंगणात एक्केचाळीस जातींचे पाम झाले. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा भेरली माड, निळसर पानांचा एक, काटेरी देठांचा एक, ज्याच्यापायी पोस्टमन आता टपाल माझ्याकडं टाकतो. एस.टी.त एकदा कंडक्टरनं सीटवरचं रोप बघून विचारलं, "ह्ये कोण?" भाऊ म्हणाले, "अर्धं तिकीट द्या की." लेकीच्या लग्नाचं शूटिंग यांनी स्वतःच्या मोबाईलवर केलं. त्यात मंगल कार्यालयाच्या दारातले दोन पाम पायापासून शेंड्यापर्यंत आले आहेत, नवरदेव गळ्यापर्यंत. ढोकीच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाच्या आवारात यांना बिया पडलेल्या दिसल्या. गाडीतल्या माणसांना तसंच सोडून हा माणूस गुडघ्यावर बसून बिया वेचत होता, आणि पंपावरच्या पोरांना वाटलं, म्हाताऱ्याची अंगठी हरवली. तिघं मदतीला धावले. भाऊंनी त्यांना सांगितलं नाही. फुकटचे सहा हात मिळाले होते.

थंडीत त्यांच्या बायकोच्या, नंदावैनींच्या जुन्या साड्या पामांच्या अंगावर असतात. "राजक्का," एकदा भिंतीवरून त्या मला म्हणाल्या, "माझी हिरवी इरकल दिसंना गं."

"ती निळ्या पामानं नेसलीय की. शोभतीय बाई."

वैनी हसल्या, मग डोळे मोठे करून आत गेल्या. आतून बराच वेळ आवाज येत होता. मला नीट ऐकू आलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. तो बाटली पाम बाटली नव्हता. तीन वर्षांत तो भाऊंच्या वर गेला, पाचव्या वर्षी पत्र्याच्या वर. तो निघाला रॉयल पाम, वाढेल तेवढा कमी. भाऊंना तोवर सगळ्या जाती पानावरून ओळखता येत होत्या, हाच तेवढा ओळखायचा राहिला. की ओळखूनही मान वर करून बघायचं टाळलं, कोण जाणे. कारण वर बघितलं तर काय दिसणार? तार. यांनी स्वतः ओढलेली.

या मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी निघाली. भाऊंच्या जागी आलेला वायरमन कुलदीप, ज्याला यांनीच डांबावर चढायला शिकवलं, तो शिडी घेऊन दारात आला. वर बघितलं, खाली बघितलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"काका, पानं तारेला घासायलीत. वारं सुटलं की स्पार्किंग. शेंडा काढावा लागंल."

"शेंडा न्हाय काढायचा."

"हातभरच, काका."

"कुलदीप, माज्या शेजारणीचा शेवगा छाटला तर धा जागी फुटतो. ह्याला कोंब एकच. त्यो गेला की झाड गेलं. उभं मढं राहतंय मागं."

मी भिंतीपाशी होतेच. जपून ठेवलेलं वाक्य तोंडात आलं. "भाऊ, तारेखाली झाड लावणारा माणूस..."

एरवी त्यांनी मला उलटं ऐकवलं असतं. त्या दिवशी म्हणाले, "व्हय वैनी. अडाणी समजावा." आणि पामाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. माझं हसू तोंडातच राहिलं.

कुलदीपनं आठ दिवस दिले. भाऊ टेप घेऊन अंगणभर फिरले. त्यांच्याकडं मांडी घालायला जागा नव्हती, एक्केचाळीस जातींनी खाल्ली होती. गावातल्या बुद्धविहारामागची मोकळी जागा लांब, तेवढं नेईस्तोवर मुळं सुकतील. चौथ्या दिवशी नंदावैनी भिंतीशी आल्या. "राजक्का, हे जेवंनात. तुज्या अंगणाचा त्यो कोपरा... तिथं तार न्हाय."

तो कोपरा आमच्या मालकांनी, म्हणजे माझे यजमान गौरीशंकर यांनी, मोटरसायकलच्या शेडसाठी ठेवला होता. मी दम घेतला आणि म्हणाले, "देते. पर एक अट. भाऊंनी रोज सकाळी माज्या अंगणात येऊन झाडाला 'काय म्हणता' विचारायचं न्हाय."

"अट मान्य," भाऊ घरातनंच ओरडले. म्हणजे तेही भिंतीपाशीच होते, पलीकडून.

एकोणीस फुटांचा पाम हलवायचा कसा? ट्रॅक्टरवाला म्हणाला, साखळी बांधून ओढतो. भाऊंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मग त्यांनी जुन्या टोळीतल्या बंडप्पांना माकणीहून बोलावलं, आणखी चार रिटायर माणसं आली. सगळ्यांचे गुडघे गेलेले, पण हातातले दोर तेच. डांब उभा करतात तशी तीन बल्ल्या शेंड्याला एकत्र बांधून कैची रोवली. कुलदीपनं परमिट घेऊन गल्लीची लाईन बंद केली. मुळांभोवतीचा मातीचा गोळा ओल्या पोत्यात शिवला. माझ्या कोपऱ्यात खड्डा, खड्ड्याला डांबासाठी देतात तसा एका बाजूनं उतार. मधली भिंत दोन हात पाडावी लागली. बंडप्पांनी हाळी दिली, "घे रं भले!" आणि पानं बांधलेला पाम नवरीसारखा, पदर आवळून, भिंतीतून माझ्या अंगणात आला. चार बाजूंनी दोरांचे ताण दिले, अगदी कोपऱ्यावरच्या डांबाला देतात तसे. भाऊंनी लांबून एक डोळा मिटून बघितलं, "डावीकडं दोन बोटं," म्हणाले. सवय जात नाही.

आता झाड जगतं की नाही, हे कळणार कसं? मधोमध भाल्यासारखी उभी असते ती मिटलेली नवी सुरळी. झाडानं मूळ धरलं तर ती वर सरकते. भाऊंनी माझी लाल नेलपॉलिश मागून घेतली, आमच्या गच्चीवर चढले, आणि सुरळीवर आणि शेजारच्या देठावर मिळून एक आडवी रेघ ओढली. "रेघ तुटली, म्हंजी जगलं," म्हणाले, आणि अट आठवून खाली उतरले.

ते रोज भिंतीच्या पडलेल्या भागातनं नुसते बघायचे. पाय या बाजूला नाही. सात दिवस झाले, पंधरा झाले. रेघ एकसंध. खालची दोन पानं पिवळी पडली. वीस दिवसांनी भाऊंनी बघणंही सोडलं. बाकीच्या पामांना नंदावैनी पाणी घालू लागल्या, आणि फ्रिजवरच्या पिशव्या पहिल्यांदा कुणी न हलवता पडून राहिल्या. बाई गं, ते शांत घर ऐकवेना.

मला मात्र गच्चीवर कामं निघू लागली. कुरडया झाल्या, पापड झाले, वाळलेली मिरची परत वाळवली. आमचे मालक म्हणाले, "घरात खायला दोन माणसं आणि ही पापड किती करतीय!" मी कशाला सांगू.

सव्विसाव्या दिवशी भल्या सकाळी मी भिंतीपाशी गेले आणि हाक मारली. "भाऊ! अट मोडायला या."

ते बनियनवरच आले, एका पायात चप्पल. थेट गच्चीच्या पायऱ्या चढले. वर रेघेचे दोन तुकडे झाले होते, सुरळीवरचा लाल तुकडा देठावरच्या तुकड्याच्या वर. भाऊंनी खिशातनं पट्टी काढली. ती सुरळीला टेकवली आणि एक डोळा मिटून बघितलं.

"अकरा मिलिमीटर," ते म्हणाले.

"बारा," मी म्हणाले. "खालच्या रेघेच्या खालच्या कडेपासनं धरा. काल सांजच्याला नऊ होतं."

भाऊंनी पट्टी तशीच धरून वळून माझ्याकडं बघितलं. आणि पायरीवर चहाचा कप घेऊन उभे असलेले आमचे मालक, त्यांनी पण.