चंदनाचा हार

दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत बसले होते. समोर टीव्हीवर मालिका लागली होती आणि मालिकेतल्या भिंतीवर हार घातलेला एक हसरा फोटो होता. मी चेहरा लगेच ओळखला. हा आमच्याच इमारतीत राहतो. मी कॉलेजात होते तेव्हा चार मुलांच्या एका बँडमध्ये गायचा. माझ्या खोलीतल्या पोस्टरवरही तो असाच हसत असे. मग बँड फुटला, हा मालिकांत आला, कुणाचा दीर झाला, कुणाचा नवरा. गा म्हणून कुणी म्हटलं नाही.

"गेला वाटतं हा?" शेजारच्या बाईंनी त्यांच्या बहिणीला विचारलं.

"मागच्या आठवड्यात. अपघातात. सुटला बिचारा," बहीण म्हणाली आणि दोघी मालिकेतल्या सुनेची साडी बघायला लागल्या.

मला उगाचच राग आला. आठवडाच झाला होता आणि हार चंदनाचा होता. आमच्या बाबांच्या फोटोला आई रोज ताजी फुलं घालायची. मग एकदा दादाने चंदनाचा हार आणला, आणि मला वाटतं, बाबा खरे त्या दिवशी गेले.

संध्याकाळी लिफ्टमध्ये नेमका तोच भेटला, हातात भाजीची पिशवी. काही सुचेना म्हणून म्हटलं, "फोटो छान आलाय हो तुमचा."

तो हसला, अगदी पोस्टरवरचं हसू.

"हार बघितलात ना? चंदनाचा घातलाय," तो म्हणाला. "म्हणजे रोज बदलायला नको."